सारवलेलं अंगण

त्या दिवशी सकाळपासूनच ऊन कडक होतं आणि वारा पडला होता. जनावरं घरं बांधून राहायची, तेव्हाची ही गोष्ट. भिवा अस्वलाची कोंबडी शेजारच्या साळूबाई साळिंदरणीच्या अंगणात शिरली आणि ओल्या सारवणावर पार दारापर्यंत पावलं उमटवून आली. साळूबाईंनी आधीच बजावलं होतं, "पुन्हा कोंबडी आली तर आपलं बोलणं बंद." आणि त्या माळावर भिवाशी बोलणारं दुसरं होतं तरी कोण?

साळूबाई पाण्याला गेल्या होत्या. त्या यायच्या आत भिवाने शेणाची पाटी उचलली आणि अंगणाच्या कडेपासून सारवायला घेतलं. जन्मात कधी सारवलं नव्हतं. मागे सरकत सरकत पाठ दाराला टेकली, तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं, की पुढे सगळं ओलं आहे आणि आपण इथेच अडकलो.

साळूबाई घागर घेऊन आल्या. भिवाने मान खाली घातली. "चुकलंच माझं. आता बांधून ठेवीन तिला."

साळूबाईंनी अंगण पाहिलं, त्याला पाहिलं आणि घागर खाली ठेवली.

"भिवाभाऊ, कोंबडी निदान परत तरी गेली होती. आता वाळेपर्यंत बसा तिथंच. मी इथं कडेला बसते गप्पा मारायला."