हंसाच्या पाठीवरचे पीस

फार पूर्वी गोदावरीकाठच्या पोतली नगरात भद्रसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका ओताऱ्याच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव वरुणक. कासे वितळवायचे आणि त्याच्या समया, घंटा, पूजेची भांडी ओतायची हा त्याच्या घराण्याचा धंदा होता. वरुणकाने ओतलेल्या समईवर कुणी टिचकी मारली तर तिचा नाद विरेपर्यंत माणसे बोलायची थांबत.

त्याच आळीत, अगदी त्याच्या घरासमोर, नागिल नावाचा दुसरा ओतारी राहत असे. खरे तर ही गोष्ट त्याचीच आहे. नागिलाचा हात वरुणकाच्या तोडीचा होता आणि जीभ मात्र भलतीच धारदार. तो वरुणकाला पाण्यात पाहत असे. वरुणकाच्या समईला कुणी चांगले म्हटले की हा म्हणे, "हो, चांगली आहे. उभी राहते."

या नागिलाने आयुष्यात एक काम असे केले की त्याचे त्यालाच नवल वाटले. तो एक लामणदिवा होता. साखळीला टांगलेला हंस आणि त्याच्या चोचीखाली वातीचे कमळ. हंसाच्या पोटात तेल भरायचे. कमळातले तेल उतरले की चोचीतून थेंब गळे, आणि कमळ भरले की हंस आपोआप चोच मिटल्यासारखा गप्प होई. आधी मेणाचा हंस कोरायचा, त्यावर मातीचा लेप द्यायचा, माती भाजली की मेण वाहून जाते, आणि त्या पोकळीत कासे ओतायचे. शेवटी माती फोडायची. मेणही गेले आणि साचाही गेला, म्हणून असा दिवा एकदाच होतो.

राजवाड्यासाठी तो दिवा घेतला गेला आणि सभागृहात राजाच्या आसनावर टांगला गेला. वरुणक तो पाहायला गेला आणि मान अवघडेपर्यंत पाहतच राहिला. परत आल्यावर तो सरळ नागिलाच्या दारी गेला.

"नागिला, असं काम मी आजवर पाहिलं नाही," तो म्हणाला.

"गोड बोलून तेलाची युक्ती काढून घ्यायला आलास होय?" नागिल म्हणाला आणि त्याने दार लावून घेतले.

पुढे एक वाईट गोष्ट झाली. नागिल एक साचा ओतीत होता आणि त्या साच्यात थोडी ओल राहून गेली होती. ओताऱ्यांमध्ये म्हण आहे की विस्तवाला काय भ्यायचे, भ्यायचे ते ओलीला. तापलेला रस ओल्या मातीला भिडला की साचा फुटतो आणि धातू पाण्यासारखा चौफेर उडतो. नागिलाचा उजवा हात भाजला आणि बोटे एकमेकांना चिकटून बसली. वरुणक धावत कोरफडीचा गर घेऊन आला, तोही नागिलाने भिरकावून दिला. माझी फजिती बघायला आला, असे त्याला वाटले.

तेव्हापासून नागिलाच्या हातून मेण कोरणे झाले नाही. त्याची बायको तिष्या साच्यांची माती मळून इतर ओताऱ्यांना देई, त्यावर त्यांचे घर चाले. नागिल रोज सकाळी सभागृहाच्या दाराशी जाऊन आपला हंस पाहून येई. तो दिसला म्हणजे त्याला जेवण गोड लागे. आपण कोणी होतो याची एवढी एकच साक्ष त्याच्याजवळ उरली होती.

अशात शेजारचा राजा चाल करून येणार अशी आवई उठली. भद्रसेन काही वाईट राजा नव्हता, पण घाबरट होता. त्याने ठरवले की एक महाघंटा ओतवायची, तिचा आवाज सीमेपर्यंतच्या गावांना ऐकू जावा, म्हणजे संकट आले तर लोक बायकामुले घेऊन वेळेवर तटाच्या आत येतील. कासे कुठून आणायचे? घराघरांतून. "आणि सुरुवात माझ्या घरापासून," राजा मोठ्या मनाने म्हणाला, आणि न पाहताच त्याने डोक्यावरच्या दिव्याकडे बोट केले. कित्येक वर्षे तो त्या दिव्याखाली बसत होता, पण त्याने एकदाही मान वर करून पाहिले नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

घंटा ओतण्याचे काम वरुणकाकडे आले. नागिलाच्या डोळ्यांदेखत गाडी आळीत शिरली आणि त्याचा हंस वरुणकाच्या दारात उतरवला गेला. नागिल भिंतीला धरून खाली बसला.

"झालं त्याच्या मनासारखं," तो तिष्येला म्हणाला. "माझ्या हंसाचा आता रस होणार, आणि घंटेवर नाव याचं लागणार."

संध्याकाळी वरुणकाने दारावर थाप मारली. "नागिला, जरा ऐक तरी, दिव्याचं सांगायचं आहे," एवढे तो म्हणाला असेल नसेल, तोच नागिलाने आतून शिव्यांची लाखोली वाहिली आणि पुढचे काही कानावर येऊ नये म्हणून परात बडवायला घेतली. वरुणक बराच वेळ उभा राहिला आणि मग निघून गेला. परात मात्र त्यानंतरही बराच वेळ वाजत होती.

मनात एकदा विष कालवले की चांगली विद्याही वाईट कामाला जुंपली जाते. नदीकाठच्या मैदानात खड्डा खणून घंटेचा साचा त्यात उतरवून ठेवला होता आणि त्याचे तोंड तेवढे वर उघडे ठेवले होते. ज्या दिवशी सायंकाळी रस ओतायचा होता, त्या दिवशी भर दुपारी राखणदार झाडाखाली पेंगत असताना नागिल घागर घेऊन तिथे गेला. त्याने साच्याच्या तोंडात पाणी ओतले. मातीने ते हां हां म्हणता पिऊन टाकले. काय होणार हे त्याला कुणी सांगायला नको होते. त्याच्या स्वतःच्या हातावर ते लिहिलेले होते, आणि रस ओतताना साच्याच्या तोंडाशी वरुणकच उभा राहणार होता.

तो घरी येऊन पानावर बसला, पण उचललेला घास त्याने पुन्हा पानात ठेवला. तेवढ्यात तिष्या धापा टाकीत आत आली. ती माती द्यायला वरुणकाच्या घरी गेली होती.

"अहो, आपला दिवा आहे!" ती म्हणाली. "त्यांच्या आतल्या खोलीत टांगलाय. पेटवलाय सुद्धा!"

"भ्रम झाला असेल तुला."

"मग चला, आपल्या डोळ्यांनी बघा!"

नागिलाने त्या घराचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. आत वरुणकाची म्हातारी आई निवडण घेऊन बसली होती. तिच्या डोक्यावर हंस लोंबत होता. नागिल बघत असतानाच त्याच्या चोचीतून तेलाचा एक थेंब कमळात पडला.

"ये रे बाबा, बस," म्हातारी म्हणाली. "त्या दिवशी तो तुला हेच सांगायला आला होता. तू आतून काय काय बोललास ते सगळ्या आळीने ऐकलं. राजाला विचारून त्याने हा मागून घेतलाय, वजनाला वजन भरून देतो म्हणाला. चार दिवस झाले, माझा लेक जेवायला म्हणून वेळेवर उठत नाही. खालून बघतो, शिडी लावून वरून बघतो. लहान मुलासारखं चाललंय त्याचं."

"वजन कशाने भरलं?" नागिलाने विचारले.

म्हातारीने कोपऱ्याकडे पाहिले. तिथे वरुणकाची मोराची समई असे. ती त्याने तरुणपणी ओतली होती, आणि सावकारांनी थैल्या पुढे केल्या तरी विकली नव्हती. आता तिथे सारवलेल्या जमिनीवर फक्त एक गोल डाग होता.

"सकाळीच भट्टीत गेली," म्हातारी म्हणाली. "ती मी पुन्हा करीन म्हणतो. हा हंस कुणाला पुन्हा करता येणार नाही, असं म्हणतो."

नागिल उठला आणि धावत सुटला. वाटेत त्याचे उपरणे पडले, ते त्याला कळले नाही. देवांनो, तो रस साच्यात पडू देऊ नका, एवढेच तो पळता पळता म्हणत होता.

मैदानात सगळे नगर लोटले होते. राजा छत्राखाली बसला होता, ढोल वाजत होते आणि भाते फुसफुसत होते. धगधगीत रसाने भरलेली मूस दांड्यांवर उचलून माणसे खड्ड्याकडे निघाली होती. पुढे, साच्याच्या तोंडाशी, वरुणक हाताने खूण करीत उभा होता. नागिल ओरडला, पण ढोलांच्या आवाजात त्याचे ओरडणे कुणाला ऐकू जाणार! तेव्हा त्याने गर्दीतून मुसंडी मारली, खड्ड्यात उडी घेतली आणि साच्याच्या तोंडावर तो पालथा पडला.

"थांबा! ओल आहे! साचा ओला आहे!"

वरुणकाने हात वर केला. माणसे जागच्या जागी थांबली, मूस मागे गेली, रस पुन्हा भट्टीत ओतला गेला. शेवटचा थेंब भट्टीत पडल्याचे पाहिले तेव्हा कुठे नागिलाचा जीव भांड्यात पडला. तो साच्याला मिठी मारून मोठमोठ्याने रडू लागला.

"पाणी मीच ओतलं," तो रडत म्हणाला. "हा मरावा म्हणून ओतलं."

राजाचा चेहरा लाल झाला. "याचे दोन्ही हात तोडा," तो म्हणाला.

वरुणक खड्ड्यात उतरला आणि त्याने नागिलाला उठवून बसवले. मग तो म्हणाला, "महाराज, साचा वाळतो. भोवती निखारे लावले की पुन्हा पहिल्यासारखा कोरडा होतो. आणि हा आज घरीच बसून राहिला असता तर मी जळून गेलो असतो, आणि चूक माझीच होती असं लोक म्हणाले असते. ज्याने मला मारायला पाणी ओतलं त्यानेच मला वाचवलं. आता शिक्षा त्यातल्या कुणाला करायची? आणि ती करायची असेलच, तर आधी महाराजांनी माझ्या घरी यावं. त्या हातांनी काय केलं आहे ते एकदा पाहावं."

राजा कुरकुरत गेला. वरुणकाने त्याला हंसाखाली उभे केले आणि वर पाहण्याची विनंती केली. राजाने मान वर केली. कमळातले तेल हळूहळू उतरले, चोचीतून थेंब आला, पडला, आणि हंस पुन्हा गप्प झाला. राजाने आणखी एक थेंब पडण्याची वाट पाहिली. मग आणखी एक.

"हा माझ्याच डोक्यावर होता?" शेवटी तो म्हणाला.

"होय महाराज. आता शिडीवर चढावं."

आणि राजा खरोखर शिडीवर चढला. हंसाची पाठ नेहमी छताकडे असे. तिथे कुणाची नजर पोचण्याचा संभव नव्हता. तरी तिथले पीस न् पीस पोटाइतकेच निगुतीने कोरलेले होते. त्यांतले एकच पीस उलटे वळलेले होते.

वरुणक नागिलाकडे वळला. "हे पाहिलं आणि माझा हात भट्टीकडे जाईना. तेलाची युक्ती मला आजही कळलेली नाही, आणि मी ती विचारतही नाही. पण हे एक पीस उलटं का वळवलंस, तेवढं सांग. चार दिवस मला त्याच्यावाचून दुसरं सुचलेलं नाही."

ते पीस कुणी पाहील असे नागिलाला कधी वाटले नव्हते, आणि ज्याने पाहिले तो हा निघाला.

"नदीवर एक हंस बसला होता," तो म्हणाला. "त्या दिवशी वारा होता."

वरुणक आनंदाने हसला. "वारा! तरीच," तो म्हणाला. आणि मग त्याने ही गाथा म्हटली:

"दुसऱ्याच्या हातचे देखणे पाहून
ज्याचे डोळे निवतात,
त्याच्या एका घरात
दोन घरांचे दिवे लागतात."

राजा शिडीवरून उतरला तेव्हा त्याचा राग निवळला होता. त्याने नागिलाला एवढीच शिक्षा केली की साचा त्याने ओला केला, तो त्यानेच वाळवावा. नागिलाने तो असा निगुतीने वाळवला की घंटा एका दमात, एकही बुडबुडा न धरता उतरली. मग हंसांची एक ओळ नागिलाने बोटाने मातीत रेखून दाखवली आणि वरुणकाने ती घंटेच्या काठावर छिन्नीने कोरली. शत्रू काही आलाच नाही. का आला नाही ते त्याचे त्यालाच ठाऊक. घंटा मात्र पुढे रोज सकाळी वाजत राहिली, आणि तिच्यात मोराच्या समईचा नाद ऐकू येतो असे आळीतली माणसे म्हणत. दिवा सभागृहात परत गेला, पण आता तो सज्जाच्या खाली, इतका खाली टांगला गेला की वर बसणाऱ्यांना हंसाची पाठ दिसावी.

जेतवनात शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा एका भिक्षूला सांगितली. सोबत्याने शिवलेल्या सुरेख चीवराची सगळे वाखाणणी करीत असताना तो तोंड फिरवून बसला होता. कथा संपल्यावर शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा राजा भद्रसेन म्हणजे आजचा माझा शिष्य आनंद. वरुणकाची आई ती माझी माता महामाया. नागिल म्हणजे हा तोंड फिरवून बसलेला भिक्षू, आणि वरुणक ओतारी तो मीच होतो." दुसऱ्याचा गुण पाहून आपल्या मनात जो निर्मळ आनंद उमटतो त्याला मुदिता म्हणतात, आणि त्या जन्मी बोधिसत्त्वाने तीच पारमितेसारखी जपली. तो भिक्षू उठला, सोबत्याजवळ जाऊन बसला आणि चीवर उलटे करून आतले टाके पाहू लागला.