शेवटच्या आळीचा धागा

त्या टेकडीवर पाणी सगळ्यांना मिळत असे, आणि मिळत नाही असं म्हणण्याची पद्धत नव्हती. माथ्यावर तळं होतं. तळ्यातून पोकळ बांबूच्या नळ्या निघत, मातीखालून उतरत आणि एकेका आळीत येऊन उघडत. मोर तळ्याला लागूनच राहत, म्हणून त्यांच्या अंगणात पाणी उड्या मारत येई. मधल्या उतारावर खारी आणि ससे. टेकडी संपता संपता, जिथून पुढे नुसती काटेरी झुडपं, तिथे मुंगसांची शेवटची आळी होती. तिथे पाणी उशिरा येई, दमून आल्यासारखं, पण येई.

पाणी सोडण्याचं काम दगडू खेकड्याकडे होतं. त्याला चावीवाला म्हणत, कारण नळीच्या तोंडातली लाकडी चावी नांगीत धरून फिरवणं त्याच्याइतकं कुणाला जमत नसे. त्याची एक रीत होती. चावी फिरवली की तो जवळच्या दगडावर बसून वाट पाही. खालून कुणीतरी तोंड वर करून हाक देई, "आलं!" ती कानावर पडली की तो उठे आणि पुढच्या चावीकडे तिरका तिरका निघे. शेवटच्या आळीची हाक यायला कधी कधी दुपार होई. तोवर तो जागचा हलत नसे. मोरांना हा कामचुकारपणा वाटे, आणि दगडावर बसलेला खेकडा पाहून कुणालाही तसंच वाटलं असतं.

एका सकाळी मोरांच्या अंगणातली नळी फुटली. दगडू तेव्हा शेवटच्या हाकेसाठी बसला होता. तो धावत गेला, म्हणजे खेकडा जितका धावेल तितका, आणि पोहोचला तोवर अकरा पिसारे चिखलात माखले होते. सभा भरली. दोन नांग्या आणि दोन डोळे एवढ्यावर अख्खी टेकडी किती दिवस चालवायची, असा प्रश्न निघाला. मग दूरच्या रानातल्या कोळ्याला बोलावणं गेलं.

आठ पायांचा, जाळं विणणारा हा कोळी खरोखर हुशार होता. त्याला उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. टेकडीच्या मधोमध उंबराच्या ढोलीत त्यानं बसकण मारली. मुंग्यांनी त्याच्याकडून एकेक धागा ओढत नेला आणि प्रत्येक नळीला बांधला. नळीत पाण्याचा जोर वाढला की धागा एका तऱ्हेनं थरथरे, घटला की दुसऱ्या. कोळी म्हणाला, "मला एक वर्ष द्या. कुठल्या नळीचं नेहमीचं काय, ते शिकून घेतो. पुढे नेहमीपेक्षा काहीही वेगळं झालं, की लगेच सांगेन." त्याची अट एकच होती. कुणी ओरडायचं नाही, कारण हाकांनी धागे हलत. सभेला ती रास्त वाटली. टेकडीवरची हाक बंद झाली आणि दगडूला सांगण्यात आलं, चावी फिरव आणि पुढे हो, बसू नकोस.

ज्या आठवड्यात मुंग्या धागे ओढत होत्या, त्याच आठवड्यात उंबराची एक मुळी मातीखालच्या शेवटच्या नळीत शिरली आणि फुगत फुगत तिनं नळी बंद केली. हे कुणाला दिसलं नाही. उंबर मात्र त्या वर्षी भलताच तरारला.

वर्ष सरलं आणि कोळ्याचं नाव झालं. सशांची नळी फुटायच्या आधी दोन दिवस त्यानं सांगितलं, दगडूनं तिथे चिकणमाती लिंपली आणि थेंबभर पाणी वाया गेलं नाही. मोरांच्या अंगणात पुन्हा चिखल झाला नाही. रोज सकाळी कोळी सभेला आळीआळीची खबर देई आणि शेवटी म्हणे, "शेवटची आळी, नेहमीसारखं." दुसऱ्या वर्षी सभेनं सर्वांत शिस्तीची आळी म्हणून मुंगसांच्या नळीला झेंडूचा हार पाठवला. बाकीचे धागे या ना त्या कारणानं एकदा तरी दचकले होते. हा एकदाही हलला नव्हता.

हार घेतला गजराबाई मुंगशिणीनं. आळीतल्या तेरा घरांपैकी आता तिचं आणि शेजारचं, अशी दोनच घरं उरली होती. बाकीची पाण्याच्या शोधात टेकडी सोडून गेली होती. गजराबाई पायथ्याच्या ओढ्यावरून घागर आणी, पण ओढाही आटत आला होता. तिची सून पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. बाळंतपण कोरड्या घरात करायचं की अवघडलेल्या पोरीला घेऊन टेकडी उतरायची, याचा घोर तिला लागला होता. झोप उडाली होती बिचारीची.

सभेकडे ती पूर्वीही गेली होती. पहिल्या वर्षी तिला सांगितलं होतं, कोळी शिकतोय, त्याचं शिकणं होऊ दे. आता ती एका हातात रिकामी घागर आणि दुसऱ्या हातात तो हार घेऊन उभी राहिली.

"पाणी न्हाई," ती म्हणाली. "दोन वर्सं झाली."

मोरांनी कोळ्याला विचारलं. कोळ्यानं आठव्या पायाखालचा धागा चाचपला. एकदा नाही, तीनदा चाचपला, कारण तो कामात कुचराई करणारा नव्हता. "नेहमीपेक्षा काहीही वेगळं नाही," तो म्हणाला. ते अगदी खरं होतं. सभेनं गजराबाईला बसायला सांगितलं, पानावर दोन उंबरं दिली आणि पुढचा विषय घेतला.

परतताना ती दगडूच्या दगडापाशी थांबली. दगडू ओशाळला. चावी तो रोज पुरी फिरवत होता. मागे एकदा तिची तक्रार त्यानंही सभेत मांडली होती, तेव्हा त्याला विचारलं होतं की दोन नांग्यांचं खरं धरायचं की आठ पायांचं. तेव्हापासून त्याला स्वतःच्याच नांगीचा भरवसा वाटेनासा झाला होता.

"खाली येऊन बघायचं तरी, दगडूभाऊ."

"मी बघून काय होणार, बाई? त्यांनी बघायला पाहिजे."

मग दोघंही ढोलीशी गेली. कोळी जरा दुखावलाच. धागा खोटं बोलत नाही, असं त्यानं बजावलं.

"खोटं बोलतो असं कुटं म्हनले मी?" गजराबाई म्हणाली. "कोळीदादा, तुमी कवा आलाय का आमच्याकडं? या की एकदा. सुनेच्या हातचा चहा न्हाई देता येनार, पान्यावाचून, पन बसायला जागा हाय."

कोळ्याला आजवर कुणी असं घरी बोलावलं नव्हतं. त्यानं आठही पाय एकेक करून धाग्यांवरून काढले आणि दगडूच्या पाठीवर चढला. टेकडीची सारी खबर ठेवणारा तो, तिरक्या चालीनं डुलत डुलत, टेकडी पहिल्यांदाच पाहत निघाला.

शेवटच्या आळीत सून उंबऱ्याशी बसली होती. ती उठू लागली, तशी गजराबाईनं तिला खुणेनं बसवलं. नळीचं तोंड भिंतीलगत होतं. कोळी पाठीवरून उतरला आणि आत डोकावला.

आत जाळं होतं. काठापासून काठापर्यंत, एकही धागा न तुटलेलं, धुळीनं जाड झालेलं. मधोमध एक लहानगा कोळी बसला होता. एवढा मोठा पाहुणा पाहून तो लगबगीनं पुढे आला.

"या, या. आमचं घर आजीनं विणलेलं," तो कौतुकानं म्हणाला. "फार निवांत जागा. इथं कधी काही हलत नाही."

कोळ्यानं त्या जाळ्यावर एक पाय ठेवला. ते जराही थरथरलं नाही, त्याच्या आठव्या पायाखालच्या धाग्यासारखंच. त्याला फार लाज वाटली.

"सामान आवर, बाळा," तो म्हणाला.

दगडू तोवर निघाला होता. नळी ठोकत, पोकळ आवाज ऐकत तो मातीवरून वर वर चढला आणि आवाज बदलला तिथे थांबला. वर पाहिलं तर तोच उंबर होता. त्यानं माती उकरली, मुळी नांगीत धरली आणि कुरतडायला लागला. जाडजूड मुळी होती, उन्हं कलली तेव्हा कुठे तुटली. मग त्यानं नळी लिंपली, चावी पुरी फिरवली आणि दगडावर जाऊन बसला. त्याला कुणी बसायला सांगितलं नव्हतं.

खाली आधी नुसता वारा आला, मग गढूळ गुळणी, मग पाणी. पहिल्या पाण्याबरोबर ते जाळं घागरीत पडलं. सुनेनं ते बोटावर उचललं, भिंतीला पुसलं, आणि एक हात कमरेवर ठेवून, तोंड वर करून हाक दिली.

"आलं!"

टेकडीवरचे सगळे धागे थरथरले. कोळी घागरीच्या काठावर उभा होता. त्याच्या पायांना आज पहिल्यांदाच पाणी लागत होतं.