खांडेपारकरांचा चौथा मजला

विद्यापीठात परदेशी पदव्या तपासणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. खांडेपारकर. बारा वर्षं अमेरिकेत काढून आलेले. तिथल्या चार वर्षांच्या पदवीपुढे इंग्लंडची तीन वर्षांची पदवी त्यांना अर्धवटच वाटायची. तनुजा खैरमोडेची पदवी लंडनची, आणि एम.ए.च्या प्रवेशाचा आज शेवटचा दिवस. ही मुलगी साहेबांपुढे काय बोलणार, याचं हेडक्लार्क ढवळेबाईंना सकाळपासून कुतूहल होतं.

तनुजा आली ती धापा टाकत, वीस मिनिटं उशिरा.

"तीन म्हणजे चार नव्हे," फाइल मिटत अध्यक्ष म्हणाले. "एक वर्ष कमी आहे. आणि वर हा उशीर."

"सर, फोनवर तुम्ही चौथ्या मजल्यावर या म्हणालात. मी गच्चीवर जाऊन आले. बाहेर तर तिसरा मजला लिहिलंय."

ढवळेबाईंनी हसू दाबलं. गच्चीवरून परत आलेली या महिन्यातली ही पाचवी.

"अमेरिकेत तळमजल्यालाच पहिला धरतात, तीच सवय," अध्यक्ष म्हणाले. "आकडा बदलला म्हणून पायऱ्या कमी-जास्त होतात का?"

"नाही ना, सर. माझंही तसंच आहे. अमेरिकेत शाळा बारा वर्षांची आणि कॉलेज चार. इंग्लंडमध्ये शाळाच तेरा वर्षांची, म्हणून कॉलेज तीन. तुम्ही मजल्याचा आकडा वाचलात. पायऱ्या मी सगळ्या चढलेय."

अध्यक्षांनी मिटलेली फाइल पुन्हा उघडली.

ढवळेबाईंनी न सांगताच मंजुरीचा शिक्का पुढे सरकवला.