डेस्कटॉपवरचा सुगत

“जुनं सगळं पुसून माणसालाही असंच कोरं करता आलं तर, भंतेजी?”

उत्पल गजभिये विहाराच्या अंगणात पाटावर बसला होता. डोकं ओलं होतं आणि मागं उभे राहून भंते सुमंगल वस्तऱ्यानं त्याचे केस काढत होते. केस उतरले की भिक्खूचं चीवर. चीवर अंगावर आलं की नागपूरची नोकरी, फ्लॅट, भांडणं, सगळं मागं पडणार. निदान उत्पलची समजूत तशी होती.

वस्तरा चालत राहिला.

“म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरचं केलं तसं,” उत्पल म्हणाला.

विहाराचा कॉम्प्युटर विजेच्या झटक्यानं बंद पडला होता. उत्पलनं नागपूरहून नवा मदरबोर्ड आणि प्रोसेसर आणून काल रात्री तो सुरू केला. हे काम म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ, आणि तसं बोलून दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

“बोर्ड नवा, प्रोसेसर नवा. जुनी सिस्टिम त्यावर चालेचना. दुसरा कोणी असता तर ठिगळं लावत बसला असता. मी सरळ सी ड्राइव्ह फॉरमॅट केला. सगळं पहिल्यापासून टाकलं. आता बघा कसा पळतो!”

वस्तरा थांबला.

“समोर पडद्यावर एक फाइल होती,” भंते म्हणाले.

“डेस्कटॉपवर? डेस्कटॉपवरचं सगळं सी ड्राइव्हमध्येच असतं, भंतेजी. ते गेलं. पण डी ड्राइव्हला मी हातही लावला नाही.”

“डीमध्ये काय होतं?”

“काहीच नव्हतं.”

“पडद्यावरची ती फाइल उघडून पाहिलीस?”

“नाही...” उत्पल हसला. “म्हटलं, भिक्खूकडं जपण्यासारखं काय असणार?”

भंते हसले नाहीत.

“त्यात सुगत होता.”

सुगत हा खालच्या वस्तीतल्या भागरताबाईचा एकुलता एक मुलगा. मागच्या वर्षी तापानं गेला. त्याआधी कधीतरी त्यानं विहारात वंदना म्हटली होती आणि भंतेंनी ती कॉम्प्युटरवर टेप करून घेतली होती. वंदना संपल्यावर टेप बंद करायचं राहून गेलं. त्यामुळे शेवटी त्याचं एक वाक्य त्यात आलं होतं. “आई, चाल ना घरी, भूक लागली.”

बाई रोज संध्याकाळी टेकडी चढून यायची ती त्या वाक्यासाठी. कॉम्प्युटर बंद पडल्यापासून नुसतीच येऊन बसायची आणि निघून जायची. आज सुरू होईल, असं भंतेंनीच तिला सांगितलं होतं.

उत्पल उठला. डोक्याचा अर्धा भाग गुळगुळीत, अर्ध्यावर केस. एरवी कुणालाही हसू फुटलं असतं. तो तसाच आत धावला.

दिवसभर तो बाहेर आला नाही. पुसलेल्या फाइली परत आणणारे जेवढे प्रोग्राम त्याला माहीत होते, तेवढे सगळे त्यानं चालवून पाहिले. पण पुसलेल्या जागेवर त्यानं स्वतःच नवी सिस्टिम घातली होती, आणि कामात तो कधी कसर ठेवत नसे.

उन्हं कलली तेव्हा तो दारात आला.

“नाव मिळालं, भंतेजी. ‘सुगत वंदना’. फाइल आहे. पण आत...”

“आत?”

“नुसती खरखर.”

“सगळी ऐकलीस?”

“सगळी ऐकली.”

खाली पायऱ्यांवर पांढरं लुगडं दिसलं. भागरताबाई येत होती. उत्पलचा चेहरा पडला.

“भंतेजी, विजेनं गेलं असं सांगू. तसं ते खोटंही नाही. बोर्ड विजेनंच जळाला ना?”

“बोर्ड विजेनं जळाला. आणि सुगत?”

उत्पलचा हात अर्ध्या डोक्यावर गेला.

“मग उरलेले केस तरी काढा. चीवर द्या मला. चीवर घातलेल्या माणसावर ती रागावणार नाही.”

भंतेंनी वस्तरा धुतला. फडक्यात गुंडाळला. आत नेऊन ठेवला आणि रिकाम्या हातानं परत आले.

बाई खोलीत येऊन रोजच्या जागी बसली होती. पदर नीट घेतलेला, डोळे पडद्यावर.

“झाला का सुरू?”

“झाला,” उत्पल म्हणाला.

“मंग लावा ना जी.”

उत्पलनं सांगितलं. ड्राइव्ह, सिस्टिम यातलं काही मध्ये आणलं नाही. तुमच्या मुलाचा आवाज यात होता, तो पुसला गेला, एवढंच म्हणाला. मग त्यालाच ते पटलं नाही.

“मी पुसला,” तो म्हणाला.

ती पडद्याकडं पाहत राहिली. तिला राग यायला हवा होता. तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर उत्पल सुटला असता. पण तिची नजर त्याच्या डोक्यावर गेली आणि तिथंच थांबली.

“तुमचं कोन गेलं जी?” तिनं विचारलं.

उत्पलला रडू आवरेना. तिनं त्याला जवळ घेतलं नाही. समजूतही घातली नाही. रोज बसायची तेवढा वेळ बसली, समोरच्या पडद्याला एकदा हात लावून पाहिला आणि उठली. भंतेंना वंदन करून पायऱ्या उतरू लागली.

अंगणात सकाळचे केस तसेच पडले होते. उत्पल पाटाजवळ येऊन उभा राहिला. बसावं की नाही, हे त्याला कळेना.

“भंतेजी... उरलेले केस?”

“दीक्षेला आईची परवानगी लागते.”

“माझ्या आईनं दिली आहे. सकाळी तुमच्याशीच फोनवर बोलली ती.”

भंते पायऱ्यांकडं पाहत होते. बाई अजून उतरत होती.

“हिची आण.”