बेल कोणी दिला

"सोपानचा ड्रायव्हर पहिल्याच वाचनात स्वीकारलात. माझा तिसऱ्यांदा परत. गुरुजी, माझे चुकले तरी काय?"

गुरुजी पायरीवर बसून तांब्याची पळी घासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

नदीकाठच्या त्या महादेवाची सकाळची पूजा गुरुजींकडे होती. उरलेला दिवस कर्नलचा, म्हणजे संगणकाच्या गाभ्याचा. त्यात कोणाचा ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचा एखादा भाग चालवणारा प्रोग्राम, घ्यावा, हे ते ठरवीत. नव्या आवृत्तीची मुदत त्याच सायंकाळी संपत होती. समोर उभा जयवंत अकरा वर्षांपासूनचा शिष्य. सोपान गेल्या दिवाळीत आलेला.

"तुझा ड्रायव्हर काय करतो?"

"वायफायचे कार्ड जागे करतो. कार्डाला आरंभी त्याचे फर्मवेअर, म्हणजे त्याचा स्वतःचा छोटा प्रोग्राम, भरवावे लागते. ती फाइल डिस्कवर असते. माझा ड्रायव्हर कर्नलमधून स्वतः तिथवर जातो, फाइल उघडतो, वाचतो, कार्डाला देतो. कोणाचे मिंधेपण नाही."

"फाइल कुठे आहे, हे त्याला कसे ठाऊक?"

"संपूर्ण मार्ग मी त्यात लिहून ठेवला आहे."

"कोणाच्या संगणकावरचा?"

"... माझ्या."

"दुसऱ्याने ती अन्यत्र ठेवली असेल तर?"

"त्याने मी सांगितलेल्या जागी ठेवावी."

गुरुजी किंचित हसले. "आणि सोपानचा?"

"त्याचे काय सांगावे!" जयवंतचा स्वर चढला. "तो फाइलचे नुसते नाव उच्चारतो आणि हात पसरून थांबतो. बाहेरच्या व्यवस्थेने शोधावी, आणून द्यावी. ही भिक्षा झाली, गुरुजी. आणि तुम्ही त्याला शाबासकी देता."

गुरुजींनी पळी उन्हात धरून पाहिली.

"आज पूजा तू कर."

हा मान गुरुजींनी आजवर कोणालाही दिला नव्हता.

तो स्नान करून सोवळे नेसून आला. सभामंडपात सोपान झाकलेली टोपली जवळ घेऊन बसला होता.

"बघून ठेव रे," जयवंत जाता जाता म्हणाला. "इथवर यायला अकरा वर्षे लागतात."

"हो दादा. पायरीला जपा, ओली आहे."

जयवंत गाभाऱ्यात गेला. पिंडीवर टांगलेल्या अभिषेकपात्रात त्याने पाणी ओतले. धार सुरू झाली. ती तुटू द्यायची नाही, एवढाच तेथला नियम. आणि सोवळ्यात असल्यावाचून आत कोणी जायचे नाही, हा दुसरा.

रुद्र म्हणून झाला. त्याने तबकाकडे हात नेला. गंध होते, अक्षता होत्या... बेल नव्हता.

दाराबाहेर सहा पावलांवर सोपान होता. एक हाक पुरली असती.

त्याला हाक? त्याला?

बेलाचे झाड विहिरीमागे आहे, हे जयवंतला अकरा वर्षे ठाऊक होते. तो उठला आणि मागच्या दाराने बाहेर पडला.

विहिरीमागे झाड होते, पाने नव्हती. मागच्या आठवड्यात गावकऱ्यांनी ते बुंध्यापर्यंत छाटले होते.

जयवंत तसाच नदीच्या उतारावर गेला. तेथल्या झाडाची चार पाने ओरबाडून परतला, तेव्हा सोवळे काट्यांत फाटले होते आणि पाय घोट्यापर्यंत चिखलात बुडाले होते.

उंबऱ्यावर गुरुजी उभे होते.

"आता आत नाही."

"पण गुरुजी, बेल आणला आहे..."

"धार?"

जयवंतने आत पाहिले. पात्र रिकामे झाले होते. पिंडी कोरडी पडत चालली होती.

सोपानने टोपलीवरचे फडके बाजूला केले. टोपली बेलाने काठोकाठ भरलेली होती.

"मी इथेच होतो, दादा. तुम्ही बोलावलेच नाही."

जयवंतने मान फिरवली.

"सोपान, स्नान करून ये," गुरुजी म्हणाले. टोपली तिथेच ठेवून तो गेल्यावर ते वळले. "जयवंत, टोपली तू धर."

सोपान ओलेत्याने मागच्या दारानेच आत गेला. धार पुन्हा सुरू झाली. बाहेर जयवंत पाय धुऊन, टोपली छातीशी धरून उभा राहिला. ती फेकून द्यावी, असे त्याला दोनदा वाटले.

"बेल," आतून आवाज आला.

जयवंत हलला नाही.

धारेचा आवाज येत होता. आतून दुसरी हाक आली नाही. नुसता एक हात उंबऱ्याशी पसरलेला होता, स्थिर...

"तो किती वेळ थांबेल?" जयवंतने दबल्या आवाजात विचारले.

"ठरलेला वेळ. मग बेलावाचून नमस्कार करून बाहेर येईल."

"भांडणार नाही?"

"नाही. भिंतही फोडणार नाही."

जयवंतने ओंजळभर बेल त्या हातावर ठेवला. हात आत गेला.

दुपारी तो पायरीवर लॅपटॉप उघडून बसला. मार्ग पुसला. फाइल उघडण्याच्या, वाचण्याच्या साऱ्या ओळी पुसल्या. फाइलचे नाव तेवढे ठेवले. आणि ती न मिळाली तर मुकाट्याने माघारी फिरण्याची एक ओळ.

मुदत संपण्यापूर्वी गुरुजींनी ते वाचले आणि स्वीकारले. जयवंत तरीही उठेना.

"आता काय?"

"गुरुजी... सकाळी त्याने वर पाहिलेसुद्धा नाही. देणारा मी होतो, हे त्याला अजून ठाऊक नाही."

गुरुजींनी पळी पुसून पंचपात्रात ठेवली.

"म्हणून तर बेल पोहोचला."