बरे झालेले उभे राहा!

गावात दर बुधवारी भरणाऱ्या व्यसनमुक्ती आणि समुपदेशन केंद्राला पतपेढीचं अनुदान मिळणार होतं. पतपेढीचे अध्यक्ष रावसाहेब जगदाळे सभागृहात शिरले, तसे सगळे लोक अदबीने उभे राहिले. रावसाहेबांनी हात हलवून त्यांना बसवलं.

भाषण झालं, पण धनादेश काही रावसाहेबांच्या हातातून सुटेना. "इथे जे बरे झालेत त्यांनी आधी उभं राहावं. पैसा कुणावर खर्च होतोय, ते गावाला कळू दे!"

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. केंद्र चालवणाऱ्या कुमुदताईंनी माइक ओढला. "रावसाहेब, तुम्ही आलात तेव्हा ते उभेच होते. त्यांतला एकही तुम्हाला ओळखू आला नाही, हेच आमचं काम!"

पहिली टाळी लोकांत बसलेल्या रावसाहेबांच्या पत्नीची पडली. दर बुधवारी त्या भजनाला म्हणून घरातून निघत.