मागचं डावं चाक

फार जुनी गोष्ट. जीप हिरवी होती की खाकी, हे आता खात्रीने सांगवत नाही. पण तिचं मागचं डावं चाक भित्रं होतं, एवढं पक्कं आठवतं.

प्रभुदेसाई सर दर रविवारी दुरुस्तीसाठी तिच्याखाली शिरत आणि काळे होऊन बाहेर येत. शेवटी त्यांच्या पत्नी सुधाबाई म्हणाल्या, "येत्या रविवारी देवीची टेकडी चढली तर ठेवा. नाहीतर सोमवारी भंगारवाला."

मागच्या चाकाची झोप उडाली. "दादा, माझ्यानं चढवेल का हो?" त्याने पुढच्या चाकाला विचारलं.

"तुझ्यानं कसलं चढवतंय? सरांनी लिव्हर ओढली की इंजिनाचा जोर आम्हालाही येतो. आम्ही ओढू. तू आपलं मागून ये, वऱ्हाडातल्या फुगलेल्या मामासारखं."

रविवारी चढावर सरांनी लिव्हर ओढली. मुरूम निसटत होता. मागचं चाक घसरलं, थरथरलं, पण जमीन धरून रेटत राहिलं. जीप माथ्यावर पोचली.

"बघितलास आमचा जोर?" पुढचं चाक म्हणालं.

"उपकार झाले, दादा," मागचं म्हणालं, आणि पुढे कित्येक वर्षं दर चढाला तेच म्हणत राहिलं.

मग एकदा सरांनी पुढची चाकं उघडली. लिव्हरचा जोर तिथवर पोचायला आधी खाली उतरून त्या दोन्ही चाकांवरची कळ हाताने फिरवावी लागते, हे सर विसरूनच गेले होते. दोन्ही कळा दुरुस्तीच्या अगदी पहिल्या रविवारी दिलेल्या रंगाखाली घट्ट चिकटलेल्या होत्या. देवीच्या टेकडीवर पुढची चाकं नुसती ढकलली गेली होती.